शेजारची खाट

मोरव्याच्या चाळीत नाथाचं आणि शशिकांतचं दार समोरासमोर. दोघंही गुहागरकडचे, दोघंही भाईंदरच्या एकाच कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायला. काम मंदावलं की दोघं औषधांच्या चाचणीला जायचे. गोळी खायची, दोन रात्री तिथेच राहायचं, टोचून घेऊन रक्त द्यायचं आणि पैसे घेऊन घरी यायचं.

नाथा चाचणी निवडायचा, ती लेकीला स्थळ बघावं तशी. ही गोळी दुकानात आधीपासून मिळते का? सुया किती? औषध नवं म्हटलं की नाथा उठलाच. शशिकांत एवढंच विचारायचा, "जेवणात काय?" आणि सेंटरवाले मात्र हटकून त्यालाच घ्यायचे. नाथाच्या दंडाला पट्टा बांधला की समोर हसत बसलेला शशिकांत दिसायचा आणि नाथाचं प्रेशर चढायचं. "काका, घरी जा," मशीनवाली पोरगी म्हणायची. 

गेल्या महिन्यात मात्र दोघांनाही घेतलं, खाटाही शेजारीशेजारी. आता तीन महिने कुठे जायचं नाही, असा नियम. पण हाटकेशच्या नाक्यावर चहावाल्याकडे नाथाला एका नव्या सेंटरचा पत्ता लागला. डोकेदुखीची जुनी गोळी, सुया कमी, खोली एसीची. अशी चाचणी पुन्हा मिळायची नाही. तिथे आपल्याला कोण ओळखतंय?

"सुलू, कुणाला बोलू नको हां."

सुलू कुणालाच बोलली नाही. नळावर फक्त सुगंधाला बोलली. सुगंधा म्हणजे शशिकांतची बायको.

सकाळी नाथा पोचला, तर रांगेत पुढे शशिकांत.

"तू इथे कसा रे?"

"का? सेंटर तुझ्या बापाचं हाय?"

नाथाचं प्रेशर त्या दिवशी कसं कोण जाणे, बरोबर आलं. पण डॉक्टरांपुढे आधी शशिकांतच गेला.

"तीन महिन्यांत कुठे चाचणी केलीय?"

"छे हो, साहेब."

"ठीक. शेवटची जागा होती, तुम्ही आत जा."

नाथाला राहवलं नाही. "खोटं बोलतोय तो! गेल्याच महिन्यात तापाच्या गोळीला होता!"

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत काय? शेजारच्या खाटेवर मीच होतो ना! रात्रभर घोरत होता, झोपू दिलं नाही मला!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असं होय. मग दोघंही निघा."

परतताना रिक्षात दोघं दोन बाजूंना तोंडं करून बसले.

सुगंधाला या गोळ्या कधीच आवडल्या नव्हत्या; नळावरचं बोलणं नवऱ्यापुढे तिच्या तोंडून नुसतं निसटलं होतं. नवरा रिकाम्या हाताने आला तशी तिने आनंदाने कोलंबी टाकली तव्यावर. वास सरळ नाथाच्या दारात. नाथाच्या ताटात वरणभात.

"त्याच्याकडे कोलंबी आहे वाटतं," नाथा म्हणाला.

सुलूने वरणाची पळी आपटली. "मग जा की तिकडेच जेवायला आणि झोपायला. शेजारची खाट रिकामीच असेल."