दोरी पिशवीत होती

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर दोनच प्रश्न विचारत आलो – झोप पुरी झाली होती का, आणि डोळ्यांवर चष्मा होता का? वीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये काढली. वायर नाही तर आवाज नाही, एवढं साधं गणित... तरीही हे लिहितोय.

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सांगलीहून मिरजेला जातात. रिक्षात त्यांची कंबर धरते, म्हणून सिटी बस. खिडक्या खडखडतात, पण वेळेला पक्की. आबांना चढता यावं म्हणून ड्रायव्हर रफिकभाई गाडी अगदी फुटपाथला चिकटवून लावतात. कंडक्टर सुरेखाताई कुणाला तरी उठवून त्यांना जागा करून देतात. मी मात्र तेव्हा बसच्या नावानं बोटंच मोडायचो.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास परत येत होतो. आबा मधल्या सीटवर शाल पांघरून बसलेले, मी पुढं दांडा धरून उभा. घंटीची दोरी सकाळीच तुटलेली. ताईंनी ती गुंडाळून पिशवीत टाकली होती आणि दिवसभर शिट्टीवर काम चाललं होतं. घंटी ड्रायव्हरच्या डोक्यावर, चारी बाजूंनी बंद जाळीच्या आत.

विश्रामबाग स्टॉपच्या अलीकडे ती घंटी वाजली. एकदाच, पण खणखणीत. सगळ्या बसनं ऐकली.

रफिकभाईंनी बस बाजूला घेतली. ताई म्हणाल्या, मी नाही वाजवली, वाजवू कशानं?

"ते मला ठावं न्हाई," रफिकभाई म्हणाले. "एक घंटी झालीया, म्हंजे कुणाला तरी उतरायचं हाय. बघा ताई, त्याबिगर मी गाडी हलवणार न्हाई."

मला हसू आलं, खरं सांगतो... चला की आता, असंही बोललो. ताई मात्र एकेका सीटला विचारत निघाल्या. आबा काही बोलेनात. ताईंनी शाल बाजूला केली तर हातावरची सुईची जागा उघडलेली – बाही, धोतर, सीट, सगळं रक्तानं भिजलेलं.

पुढचं सगळं त्या दोघांनी केलं. मी, एवढा फौजी गडी, नुसता उभा. ताईंनी टॉवेलची घडी हातावर दाबून धरली ती हॉस्पिटल येईपर्यंत सोडली नाही. रफिकभाईंनी भरलेली बस तशीच वळवली आणि थेट मिरजेला हॉस्पिटलच्या दारात नेली. एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. बसमधल्या एक आजी म्हणाल्या, देव तारी त्याला कोण मारी. देवाचं मला माहीत नाही. पण त्या दोघांच्या मी पाया पडलो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन ती घंटी पाहिली. आतला लोलक इतका घट्ट की हातानं ओढतानाही जोर लागत होता. खड्ड्यानं वाजणं शक्य नाही. जाळीतून कुणाचा हात जाणं तर नाहीच. प्रवाशांत जाळीला सगळ्यात जवळ मीच होतो. मेकॅनिकही म्हणाला, आपोआप वाजणं शक्यच नाही.

आबा घरी आल्यावर विचारलं, हाक का नाही मारली?

आबा म्हणाले,

"मारत हुतो की रं. लय मारल्या. तोंडातनं आवाजच फुटंना... नुसता तुज्याकडं बघत हुतो. तू मोबाइलमंदी हुतास."