आमच्या व्याह्यांची नजर खाली असते

कोल्हापुरात माणसे एकमेकांना आवाजावरून ओळखतात, आडनावावरून ओळखतात, पेठेवरून तर हमखास ओळखतात; आमचे व्याही मात्र साऱ्या जगाला घोट्याखालून ओळखतात. चेहरे त्यांच्या ध्यानात राहत नाहीत. माझा धाकटा भाऊ त्यांना किती समारंभांत भेटला असेल, तरी त्याचा उल्लेख ते आजही ‘तुमचा सपाट तळव्याचा भाऊ’ असाच करतात. आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक त्यांच्या लेखी ‘अंगठ्याचं हाड वाढलेलं मास्तर’ आहेत, आणि ज्या बाईंनी माझ्या मुलीला हे स्थळ सुचवले त्या ‘टाचंच्या भेगावाल्या काकी’. माझ्या मुलीच्या ह्या सासऱ्यांविषयी मी प्रेमाने लिहिणार आहे. त्या प्रेमात माझ्या एका वाक्याचा अपराध मिसळलेला आहे. तोही लिहीन, कारण तो वगळून त्यांचे चित्र पुरे होणार नाही.

त्यांची आणि माझी ओळख झाली ती मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात. मुलामुलीने एकमेकांना आधीच पसंत केले होते, उरला होता तो केवळ पोह्यांचा उपचार. पाहुणे मंडळी आत येऊन बसली, पण व्याही दाराशीच रेंगाळले. ते आमच्या घरच्या चपला पाहत होते. एक चप्पल उचलून तिची झिजलेली कड त्यांनी अंगठ्याने चाचपली, पुन्हा जागेवर ठेवली आणि मग समाधानाने आत आले. मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा तिच्या तोंडाकडे न बघता ते म्हणाले, ‘‘पोरी, जरा दारापतुर चालून दाखीव.’’ माझ्या पत्नीने चहाचे कप टेबलावर आदळून ठेवले. मुलीला चालायला लावून तिच्यात काही खोट आहे का हे पाहण्याची रीत आमच्या आज्यांच्या काळात होती. ती आजही कुणी पाळत असेल, असे आम्हांला वाटले नव्हते. मी बोलायला हवे होते. मी बोललो नाही, कारण मी सहसा बोलत नाही. मुलगी मात्र निमूट चालून आली. व्याह्यांनी तिला विचारले की उजवा घोटा कधी मुरगळला होता, आणि त्यावर तेल लावून कुणी चोळला होता. तिचा घोटा कॉलेजचा जिना उतरताना मुरगळला होता आणि चोळला होता तो माझ्या आईने. व्याह्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि त्या क्षणापासून बघण्याचा कार्यक्रम घोट्याचा झाला. रोज दात घासताना एका पायावर उभे राहायचे, तोल जाऊ लागला तरच भिंतीला बोट लावायचे, असा व्यायाम त्यांनी तिला तिथल्या तिथे शिकवला. माझी मुलगी नेसत्या साडीत बगळ्यासारखी उभी होती आणि तिचा भावी नवरा लाजेने छताच्या पंख्याकडे बघत होता. मंडळी गेल्यावर पत्नी म्हणाली, ‘‘हे लोक मुलगी पसंत करून गेले की घोटा, तेवढं विचारून घ्या.’’

लग्नात व्याहीभेटीची वेळ आली. फेटा सावरत मी पुढे झालो, त्यांनी मला कडकडून मिठी मारली, फोटोग्राफरने आम्हांला तसेच थांबायला सांगितले, आणि माझ्या कानाशी आवाज आला, ‘‘पावणं, सकाळी उठल्यावर पयलं पाऊल टाकताना टाच कळ मारती न्हवं? आन् चार पावलं चालल्यावर कमी येती?’’ त्यांनी सांगितले ते तंतोतंत खरे होते. हे दुखणे मी घरातही कुणाला सांगितले नव्हते. हाराच्या आडून ते सांगत राहिले की हे टाचेचे हाड नव्हे, तळव्याची शीर ओढली जाते. बर्फ झालेली पाण्याची बाटली पायाखाली लाटायची, पोटरीला ताण द्यायचा आणि घरातल्या फरशीवर अनवाणी फिरायचे नाही. आमच्या अल्बममध्ये ह्या मिठीचा फोटो आहे. त्यात मी गहिवरलो आहे असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात मी पोटरीला ताण देत होतो.

ही विद्या त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही, आणि ती नेहमी बरोबर येते असेही नाही. एका भाचीच्या पायाच्या बोटांत सडलेल्या चिखल्यांना त्यांनी नव्या बुटांचा दोष मानून तिला महिनाभर बूट बदलायला लावले आणि शेवटी औषध डॉक्टरांनीच दिले. पण चुकल्याने त्यांचा आत्मविश्वास कधी कमी झाला नाही. तारुण्यात ते पेठेच्या फुटबॉल संघात खेळले, नंतर एका डेअरीच्या नोकरीत शाहूवाडी, गगनबावड्याकडची गावे फिरले. मैदानाने त्यांना मुरगळलेले घोटे दाखवले आणि भातखाचरांनी बोटांच्या बेचक्यांत सडलेली कातडी. निवृत्तीनंतर त्यांच्या एका खिशात सुपारी असते आणि दुसऱ्यात क्रेप बँडेज. सुजलेला पाय कुणी चोळायला घेतला की त्यांचा आवाज चढतो. ‘‘सूज म्हंजे बंदोबस्त हाय. आत काय राडा झालाय म्हणून पोलीस आल्यात. त्यास्नी हाकलून काय करणार हाईसा?’’ मग बर्फ, पट्टी आणि उशीवर वर ठेवलेला पाय, हा त्यांचा निकाल, आणि त्यावर अपील नाही.

एकदा अंतिम सामन्यात त्यांच्याच पेठेचा सर्वांत चपळ खेळाडू घोटा धरून खाली बसला. व्याही गॅलरीतून उतरले, सोडावाल्याच्या पेटीतला बर्फ उचलला आणि थेट मैदानात गेले. कर्णधाराने हात जोडून विनवले की पट्टी घट्ट बांधा आणि शेवटची दहा मिनिटे तरी त्याला उभा करा. व्याह्यांनी घोट्याच्या हाडावर बोट दाबले, पोराचा चेहरा पाहिला आणि त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आणले. पेठ हरली. पुढे बरेच दिवस पेठेत त्यांच्याशी कुणी धड बोलत नव्हते. पानपट्टीवाल्यानेसुद्धा त्यांचे पान सगळ्यांत शेवटी लावले. त्यांचे उत्तर एकच होते, ‘‘चषक दरवर्षी येतोय. ह्यो घोटा पोराच्या आईनं एकदाच दिलाय.’’

असा हा माणूस स्वतःचे पाय मात्र कुणाला दाखवत नसे. चपलांच्या ह्या गावात ते उन्हाळ्यातही बूट घालत, आणि देवळात बूट काढले तरी मोजे काढत नसत. त्याचे कारण माझ्या मुलीने मला विश्वासाने सांगितले होते. त्यांना फार वर्षांपासून साखरेचा विकार आहे आणि त्यामुळे पाय बधिर झाले आहेत. खाली गार आहे की गरम, टोचते आहे की नाही, हे त्यांना कळत नाही. डॉक्टरांनी घरातही अनवाणी चालायला मनाई केली आहे. ‘‘आबांना हे चारचौघांत निघालेलं आवडत नाही,’’ ती म्हणाली होती, ‘‘तुम्ही कुठे बोलू नका.’’

गेल्या नवरात्रात मी अनवाणी राहण्याचे ठरवले. आमच्याकडे पुष्कळ माणसे त्या दिवसांत पायांत काही घालत नाहीत. घटस्थापनेच्या संध्याकाळी मी मुलीच्या घरी निघालो, तर वाटेतच व्याही त्यांच्या पेठेतल्या मंडळींसह तालमीच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांची नजर माझ्या पायांवर गेली आणि माझ्या टाचेची सगळी कथा सर्वांसमक्ष सुरू झाली: व्याहीभेट, मिठी, बर्फाची बाटली. मग माझ्या सरकारी कचेरीतल्या नोकरीवर घसरून ते म्हणाले, ‘‘पावण्यांचं तळवं सरकारी हाईत. ह्येस्नी फायलीवर चालवा, डांबरावर नको.’’ कट्टा खदखदून हसला. त्यांच्या बोलण्यात काळजीच होती, हे मला त्याही क्षणी कळत होते. तरीही मी, ज्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही असा मी, अगदी स्पष्ट म्हणालो, ‘‘पाहुणे, आमचे पाय साऱ्या कोल्हापूरनं पाहिले. तुमचे मात्र तुमच्या मोज्यांखेरीज कुणी पाहिले नसतील. देवीसाठी तरी एकदा काढा की.’’

कट्टा आणखी मोठ्याने हसला. व्याही हसले नाहीत. ते वाकले, बुटांचे बंद सोडले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि म्हणाले, ‘‘काढलं. आता नऊ दिवस न्हाय घालत.’’

ते वाक्य माझ्या तोंडून चुकून निसटले, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. तसे नव्हते. ते मी मनात जुळवून, कुठे लागेल हे पाहून बोललो होतो. शिवाय मुलगी ज्या घरी दिली त्या घरच्या कर्त्या पुरुषाला, त्याच्याच तालमीच्या कट्ट्यावर. तिथून माघार घेणे त्यांना शक्य नव्हते हेही मला कळत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते देवीच्या दर्शनाला अनवाणी निघाले तेव्हा त्यांना अडवावे असे मनात आले. मी त्यांच्या बरोबरीने चालत राहिलो. घरी सून विचारू लागली, मुलगा रागावला, तेव्हा त्यांनी आपण नवस बोललो आहोत असे सांगितले. माझे नाव घेतले नाही. कट्ट्यावरही, नवस आपण आधीच बोललो होतो, असेच सांगून ठेवले.

सातव्या माळेला ते दर्शन करून आमच्या घरी आले. माझी मुलगीही माहेरी आलेली होती. व्याही खुर्चीत बसून माझ्या पत्नीला तळव्याला होणारे कुरूप आणि भोवरी यांतला फरक समजावत होते. कुरूप घरी ब्लेडने कापणारी माणसे त्यांना किती मूर्ख वाटतात, ह्याचे रंगून वर्णन चालले होते. बोलता बोलता त्यांची नजर सवयीने खाली गेली. दारापासून खुर्चीपर्यंत आमच्या पांढऱ्या फरशीवर तांबडे डाग उमटले होते.

‘‘कुणाच्या पायाला लागलंय?’’ ते ताडकन उठत म्हणाले. ‘‘दाखवा बगू. काच असंल तर ओढू नगा कुणी.’’

त्यांनी आधी पत्नीचे पाय पाहिले. मग वाकून माझा एकेक तळवा उचलून पाहिला. मग मुलीकडे वळले. मुलगी खाली बसली, त्यांच्या पायाला हात लावून म्हणाली, ‘‘आबा, तुमच्याच पायाला लागलंय.’’ इतकी वर्षे दुसऱ्यांची दुखणी दुरून ओळखणाऱ्या त्या माणसाला आपल्या तळव्यात रुतलेली काच कळली नव्हती.

दवाखान्यात समजले की काच रुतून काही दिवस झाले होते, जखम आतून पिकली होती आणि करंगळी काळी पडू लागली होती. पाय राहील की घोट्यापासून काढावा लागेल, हे दोन-तीन दिवसांत कळेल, असे सर्जन म्हणाले. ते दिवस मी दवाखान्याच्या बाकावर काढले. आत व्याही सलाइन लावलेल्या हाताने सर्जनांच्या बुटाकडे बोट दाखवून सांगत होते की डाव्या बुटाची टाच आतून झिजली आहे, आत आधार घाला, न्हायतर गुडघा जाईल. परिचारिका हसत बाहेर येत. विहीणबाई मात्र माझ्याशेजारी बसून पदराने डोळे टिपत आणि म्हणत, ‘‘कुठनं ह्येस्नी ह्यो नवस सुचला, देवी जाणं.’’ मी मान हलवत असे.

करंगळी गेली. पाय वाचला.

दिवाळी उलटल्यावर ते काठी घेऊन, डॉक्टरांनी करवून दिलेल्या मऊ बुटात, प्रथमच तालमीच्या कट्ट्यावर आले. आता त्यांची चाल मंदावली आहे. बसताना ते आधी जागा चाचपतात आणि मग बूट पुढे घेऊन निरखतात, जणू तो दुसऱ्या कुणाचा पाय असावा. मंडळी भोवती जमली होती. त्यांच्या साखरेची गोष्ट एव्हाना साऱ्या पेठेला ठाऊक झाली होती. कुणीतरी म्हणाले की नवस भारीच पडला. मी त्यांच्या शेजारी सरकून हळू आवाजात म्हणालो की तो नवस नव्हता, ते माझे बोलणे होते, आणि मला क्षमा करा.

‘‘मला ठावं हाय,’’ ते तितक्याच हळू म्हणाले. ‘‘झालं गेलं. ऱ्हाऊ दे की पावणं.’’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘पर त्या दिवशी तुमचा आवाज लई खणखणीत लागलावता.’’

त्यावर मी उठून उभा राहिलो. शेवटच्या माणसापर्यंत जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, ‘‘आमच्या पाहुण्यांनी नवस बोललेला नव्हता. त्यांचे पाय बधिर आहेत हे मला माहीत होतं. माहीत असून मी इथं, तुमच्या सगळ्यांसमोर, त्यांना बूट काढायला लावले. पाहुणे, माझं चुकलं. मला माफ करा.’’