हात पाहून घासलेली निब

"आधी हात दाखवा."

पेन दुरुस्तीला न्या, नाहीतर नुसतं मिरवायला न्या, मिस्त्री पेनाकडे बघायचेच नाहीत. समोरच्याचा हात हातात घ्यायचे, उलटासुलटा करायचे आणि मधल्या बोटावरचा घट्टा अंगठ्यानं चाचपायचे. नवख्याला वाटायचं, हा माणूस भविष्य बघतोय. एकानं तर विचारलंच, "नोकरीचा योग हाये काय जी?" मिस्त्री म्हणाले, "योगाचं मले माहीत नाही. तुमी पेन लय दाबता, एवढं दिसून राह्यलं."

दारव्ह्यात बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. धंदा फवारणीचे पंप, स्टोव्ह आणि शिलाई मशीन दुरुस्त करायचा. शाईची पेनं हा त्यांचा शौक. पंपाच्या नोझलमधला कचरा ज्या बारीक तारेनं काढायचे, तिच्याहून बारीक तार पेनांसाठी वेगळी ठेवलेली असायची. ती तार पंपाला लावलेली मी कधी पाहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, यवतमाळ जिल्हा, कापसाची ती वाईट वर्षं, आणि हा गृहस्थ पेनांचं काय घेऊन बसलाय! बसलोय. आमच्या जिल्ह्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाचा चेहरा एकदम पडतो. आवाज खाली येतो. आम्ही इथं काय चोवीस तास रडत होतो? हौस होती, भांडणं होती, रविवारी सकाळी मिस्त्रींच्या बाकावर चहा होता. दुःख होतंच, त्याबद्दल कुणी मला शिकवू नये. पण दुःखाशिवाय आमच्याकडे दुसरं काही नव्हतं असं कुणी लिहिलं, की माझं डोकं फिरतं.

मिस्त्रींचंही फिरायचं, पण ते ओरडायचे नाहीत. एकदा कुठून तरी कॅमेरेवाले आले. त्यांना म्हणे उदास चेहरे हवे होते. पंपांच्या ढिगाऱ्यात बसलेला म्हातारा त्यांना फारच पसंत पडला. "चाचा, जरा खाली बघा, हसू नका," एकजण म्हणाला. मिस्त्री उठले. "थांबा जी. फोटो काढाचाच हाये तं मी दाढी करून येतो." गेले, दाढी केली, इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला, खिशाला चार पेनं लावली आणि दात दाखवत खुर्चीवर बसले. तो फोटो कुठं छापून आला नाही.

आम्ही रविवारचे तिघं. मिस्त्री, दातांचे एक डॉक्टर आणि मी. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. खिशाला कायम तीन पेनं, निळं, काळं आणि हिरवं. हिरवी शाई वापरायचा मला अधिकार नव्हता, तरी ठेवायचो. डॉक्टरांकडे मखमलीचे कप्पे असलेली कुलपाची पेटी होती. त्यातली पेनं ते आम्हाला दाखवायचे, पण हातात द्यायचे नाहीत.

त्यात त्यांची चूक नव्हती. शाईपेनवाल्यांचा तो धर्मच आहे, आपलं पेन दुसऱ्याला लिहायला द्यायचं नाही. निब एका हाताला सरावलेली असते, दुसऱ्याच्या हाती ती बिघडते. पोस्टात कुणी "जरा पेन द्या" म्हटलं की मी बहिरा व्हायचो. मिस्त्री मात्र कुणालाही द्यायचे. नुसतं लिहायला नव्हे, कायमचं. हात चाचपायचे, ट्रंकेतून एखादं जुनं पेन काढायचे, पॉलिश पेपरवर त्याची निब त्या हातापुरती घासायचे आणि म्हणायचे, "हे तुमचंच व्हतं, माह्याकडं चुकून राह्यलं." डावखुऱ्या कंडक्टरला दिलं. थरथरत्या हाताच्या एका गुरुजींना जाड निबेचं दिलं. पैसे काढले की रागवायचे. मला कचेरीत पहिली बढती मिळाली तेव्हा माझ्यासाठी घासलेलं पेन त्यांनी चहाच्या कपाशेजारी ठेवून दिलं. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "चहा थंडा होऊन राह्यला, बाबू."

देऊन देऊन ट्रंक रिकामी होत आली होती. एक पेन मात्र त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. कापसातून सरकी काढायच्या, बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या भंगारात ते त्यांना सापडलं होतं. परदेशी, काळंभोर, सोन्याची निब, आणि निबेच्या टोकाला धातूचा चांगला जाड थेंब. तसं पेन आमच्या साऱ्या जिल्ह्यात दुसरं नसावं. डॉक्टर ते कित्येक वर्षं मागत होते. मागत मीही होतो, पण मनातल्या मनात.

असं सगळं चाललेलं असताना शेवंताबाई पंप घेऊन आल्या. जवळच्याच खेड्यातल्या. नवरा त्याच वर्षी गेला होता. कसा, ते मी इथं लिहिणार नाही. पाच एकर शेत, एक मुलगी आणि शेतावर डोळा ठेवून बसलेला दीर, एवढं मागं राहिलं होतं. पंप दुरुस्त होईपर्यंत त्या माझं लिहिणं बघत उभ्या राहिल्या. मग मिस्त्रींना म्हणाल्या, "चाचा, याले दाबा नाही लागत काय?"

"नाही. आपोआप चालते. काहून?"

"पोरीच्या पेननं नाव लिवाले शिकून राह्यली मी. हात दुखते, कागद फाटते." आणि मग मान वर करून म्हणाल्या, "माह्या अंगठ्यानं घरातलं लय गेलं, चाचा. नवऱ्यानं सांगतलं तिथं लावला, सासऱ्यानं सांगतलं तिथं लावला. आता शेत तरी जाऊ देत नाही."

मिस्त्रींनी हात पुढे केला. शेवंताबाईंनी आपला हात त्यात ठेवला. मधल्या बोटावर घट्टा नव्हताच. घट्टे होते ते तिन्ही बोटांच्या टोकांवर. वाळलेल्या बोंडांची टोकं टोचून टोचून कातडी चिरली होती आणि पुन्हा जाड झाली होती. मिस्त्रींनी एक साधं पेन दिलं. बाईंनी ते कापूस वेचतात तसं धरलं. तीन बोटांच्या चिमटीत, उभं, आणि ओढून. स्टीलची निब दुसऱ्याच अक्षराला फाकली.

मी सांगायला गेलो, "असं धरायचं नसतं, बाई."

"गप बसा," मिस्त्री म्हणाले. मला! "चाळीस वर्षं त्या हातानं कापूस वेचला. हात बदलाचा की निब बदलाची?"

पुढच्या तीन रविवारी त्यांनी तीन निबा घासून पाहिल्या. टोकाला धातू कमी, घासला की संपायचा. चौथ्या रविवारी आम्ही गेलो, तर शेवंताबाई बाकावर बसून पाटीएवढ्या अक्षरात आपलं नाव लिहीत होत्या. हातात ते काळं पेन होतं. सोन्याच्या निबेचं टोक मिस्त्रींनी एका बाजूनं सपाट तिरकं घासून टाकलं होतं.

डॉक्टर खाली बसले. खरंच, मटकन बसले. "चाचा, वाटोळं केलं तुम्ही! एवढ्या जुन्या निबेला कुणी पॉलिश पेपर लावतं? आता हिला काय किंमत राहिली?"

"पेटीत ठेवाची असन तं काहीच नाही."

"मला दिलं असतं तर मी जपलं असतं!"

"म्हणूनच तं नाही देलं," मिस्त्री म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "डॉक्टर, दुसरी एखादी असती तं हिले हात नसता लावला. माह्या जिवावर नाही आलं काय? रातभर पॉलिश पेपर हातात घेऊन बसलो व्हतो."

मीही डॉक्टरांच्याच बाजूनं बोललो, हे कबूल करतो. दोन रविवार आम्ही दोघं गेलोच नाही. अशी आमची हौस, आणि असा आमचा रुसवा.

त्यानंतर एका दुपारी शेवंताबाई माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. बरोबर दीर होता. वारसाच्या नोंदीचं प्रकरण होतं, कागद दिरानं तयारच करून आणला होता. मागे रांग होती, पंखा बंद होता आणि माझं डोकं तापलं होतं. मी त्यांना ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. शाईचा पॅड पुढे सरकवला. "लावा अंगठा."

"मी नाव लिवते."

"आधीच्या कागदांवर तुमचा अंगठा आहे. सही जुळणार नाही. लावा लवकर, मागं लोक आहेत."

दीर हसला. "लाव न वो वहिनी. तुह्यच नाव शेतावर चढवाले आलो न आपण?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाबू, तो कागद काय म्हणते, ते वाचून दाखवा तिले."

मिस्त्री दारात उभे होते. हाताला ग्रीस, कपाळाला घाम. बाईंनी मुलीला दुकानात पाठवलं होतं आणि मिस्त्री पंप उघडा टाकून आले होते.

मी म्हटलं, "चाचा, कचेरीचं काम आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

"दोस्ती आजपासून बंद ठेवा पाहिजे तं. पण वाचा. मोठ्यानं वाचा."

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मी वाचायला लागलो. चौथ्या ओळीपर्यंत माझा आवाज बारीक झाला. शेतावर नाव चढवायचा तो कागदच नव्हता. शेतातला आपला आणि अल्पवयीन मुलीचा हिस्सा आपण राजीखुशीनं दिराला सोडून देत आहोत, असं त्यात लिहिलं होतं.

शेवंताबाईंनी पदर खोचला. "पुन्हा वाचा," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं.

"हे माह्या मनात नाही," त्या म्हणाल्या. दिराला नव्हे, मला. "हरकत लिवा. मी सही करते."

मी कोरा कागद घेतला आणि हरकतीचा अर्ज लिहिला. सरकारी नोकरानं अर्जदाराचा अर्ज लिहून देऊ नये, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिला, आणि आपणहून पूर्ण वाचून दाखवलेला हा माझा पहिलाच कागद. मग त्यांनी ते काळं पेन काढलं, तीन बोटांच्या चिमटीत उभं धरलं आणि शे, वं, ता, एकेक अक्षर ओढून ओढून लिहिलं. दीर कधी निघून गेला ते कळलंच नाही. रांगेत कुणीतरी कुरकुरलं, तर मिस्त्री वळून म्हणाले, "बाई नाव लिवून राह्यली. उभं राहा!"

निब कागदावर कुठंही अडली नाही. मी ऐकत होतो न! असं काम मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही, आणि त्यापायी पेन वाया गेलं म्हणून मी पंधरा दिवस रुसून बसलो होतो. माझीच मला लाज वाटली. त्याहून जास्त लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. इतकी वर्षं त्या टेबलावर किती अंगठे घेतले असतील मी, तीन तीन पेनं खिशाला लावून, आणि एकाही माणसाला कागद वाचून दाखवला नव्हता.

शेत शेवंताबाईंच्या आणि मुलीच्या नावावर चढायला दोन हंगाम गेले. प्रत्येक तारखेला मिस्त्री दुकान बंद करून यायचे. दिराच्या माणसांनी त्यांना बाजारात दम दिला, "मुसलमान माणूस तू, आमच्या घरच्या भानगडीत कायले पडतं?" मिस्त्री म्हणाले, "निब माह्यी हाये. ती चालते की नाही, पाहाले येतो." साहेबांनी मला टेबल बदलून आत पाठवलं. पाठवू द्या. आतही मी कागद मोठ्यानंच वाचत राहिलो.

डॉक्टरांनी एका रविवारी कुलपाची पेटी आणली, उघडी करून बाकावर ठेवली आणि म्हणाले, "यातलं कोणतं कुणाच्या हाताला बसतं ते पाहा, चाचा." म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचं बरोबरच होतं, प्रेमानं जमवलेली पेनं ती.

मग मिस्त्रींना लकवा मारला. उजवी बाजू गेली. यवतमाळला नेलं. मुलगा नागपूरहून निघाला होता, तोवर खाटेजवळ मी. भर दुपारी नर्स आली, कुठल्याशा तपासणीच्या संमतीचा कागद घेऊन. पोरगी चांगली होती, घाईत होती. "आजोबांना सही जमणार नाही. अंगठा घेते," म्हणत तिनं त्यांचा डावा हात उचलला.

मिस्त्रींनी अंगठा आत घेऊन मूठ आवळली. तिला ती उघडेना.

"थांब बेटा," मी म्हटलं. कागद घेतला आणि खाटेवर वाकून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. सगळा वॉर्ड ऐकत होता. मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. तेव्हा कुठं मूठ सुटली.

मी माझं पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. उजव्या हाताला सरावलेली निब ती, डाव्या हातात उलटी पडली. खरडली, अडली, दोन ठिकाणी कागदात घुसली. ते उर्दूत लिहीत होते, उजवीकडून डावीकडे, श्वास घेत घेत. नर्सनं एकदाही घड्याळ पाहिलं नाही. सही संपली तेव्हा त्यांनी पेन डोळ्यांजवळ नेलं, निब तिरकी करून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. शब्द नीट फुटत नव्हते, तरी मला कळले.

"बेकार... निब. घासून घे."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

सही झाली त्या दुपारी नर्सनं कागद उजेडात धरून पाहिला होता. सही चौकटीतून निघून खालच्या छापील ओळींवर गेली होती, शाई फाटलेल्या जागी पसरली होती. "काका, अशी सही चालेल का?" तिनं विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. "न चालायला काय झालं?"