तात्यांचा ब्लॉग आणि गावातली जिवंत माणसं

चऱ्होलीत कुणी गेलं की दहाव्याला घाटावर कावळ्याच्याही आधी तात्या हजर असत. पिंडाला कावळा शिवे, पोटभर खाऊन पलीकडच्या काठाला जाऊन बसे, तरी इकडे तात्यांची श्रद्धांजली चालूच. गेलेला माणूस कुणीही असो, तो हसतमुख, मनमिळाऊ आणि कष्टाळू होता. ज्याने भावकीशी बांधावरून जन्मभर कोर्टकज्जे केले तो मनमिळाऊ, आणि ज्याला हसताना त्याच्या बायकोनेही पाहिलं नव्हतं तो हसतमुख. तात्या पूर्वी चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला होते. एकाच साच्यातून हजारो नग काढायची सवय तिथलीच असावी.

अखेर गावकीने ठरवलं, दहाव्याला भाषणं बंद. कारण असं दिलं की लोकांची शिफ्ट चुकते. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, एका तात्यांशिवाय.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तात्या तिथे आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "पोरी, आमाला ब्लॉग काढून दे. घाटावर बंदी हाय, मोबाईलवर न्हाई."

मी ब्लॉग काढून दिला, नाव त्यांनीच ठेवलं, 'अमर आठवणी'. जोडीला फेसबुकवर खातं उघडलं. तिथे हात जोडलेला फोटो लावला. त्यातला चेहरा असा, की बघणाऱ्याने घाबरून घरी फोन करावा, सगळे ठीक आहेत ना म्हणून. पहिल्या लेखाखाली पहिली प्रतिक्रिया आली, 'फार सुंदर लेखन, तात्या.' ती तात्यांचीच होती. मी हसले तर म्हणाले, "कुणीतरी सुरुवात कराया नको का?"

लाईक म्हणजे त्यांच्या लेखी दहाव्याची हजेरी होती. आपण त्यांच्या दारी गेलो तर त्यांनी आपल्या दारी यायला हवं. जो लाईक करत नसे त्याच्याकडे तात्या जातीने जात, पार चिखलीपर्यंत. चहा घेत, तब्येत विचारत आणि उठता उठता म्हणत, "काय राव, तुमचा अंगठा आला न्हाई." मग समोरच्याला मोबाईल काढून त्यांच्यादेखत अंगठा द्यावाच लागे. दुसऱ्याच्या पोस्टला लाईक करायलाही ते त्याच्या घरीच जात. घरबसल्या केलेलं त्यांना पटत नसे. "त्याला कळणार कसं, आमी केलं म्हणून?" हा त्यांचा सवाल असे. खरं सांगायचं तर मला तात्या आवडत. वैतागही त्यांचाच सगळ्यात जास्त येई.

श्रद्धांजलीला उशीर होऊ नये म्हणून त्यांनी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे लेख आधीच लिहून ठेवले होते. "माल लागायच्या आधी स्टॉक करायचा असतो," ते म्हणत. कुठलं बटण जतन करायला आणि कुठलं प्रसिद्ध करायला हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. एका दुपारी ते चष्मा घरी विसरले आणि नको ते बटण दाबत गेले. गावातली डझनभर धडधाकट माणसं इंटरनेटवर एकाच दिवशी वारली.

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्या दुकानात बसलेले, आणि समोर ही गर्दी. आता तात्यांना मार बसतो असं मला वाटलं. पण म्हातारे किसनराव काठी टेकत पुढे झाले आणि म्हणाले, "मी मेलो त्याचं काय न्हाई, तात्या. पण मपल्यावर चार वळी आन त्या बबनवर पानभर? बबननं असे काय दिवे लावलेत?" बाकीच्यांचीही तक्रार तीच होती. मेल्याचं दुःख कुणालाच नव्हतं, शेजारी जास्त चांगला मेला याचं होतं. तात्या मात्र खूश. "लोकं वाचत्यात," ते मला म्हणाले.

त्या यादवीत तात्यांची बायको, हिराकाकू, कुणालाच आठवली नाही. काकूंचं हृदय कमजोर झालं होतं, घरातही त्या भिंत धरून चालत. फार दिवस धरू नका, असं डॉक्टरांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. काकूंनी तात्यांना विचारलं, "गावाचं लिव्हून ठिवलंय. मपलं कुठंय? मी हाय तवर मला ऐकायचंय."

तात्या माझ्यासमोर येऊन बसले. "टाईप कर. हिरा ही हसतमुख..." आणि थांबले. "हे नको. तिला कळंल."

मी म्हटलं, "तात्या, काकूंना खायला काय आवडतं, तिथून सुरू करा."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "आमी उठल्यावर ती बसती. काय खाती ते कवा बघितलं न्हाई."

मला भयंकर राग आला. अख्ख्या पंचक्रोशीतल्या मेलेल्यांवर बोलणारा हा माणूस, आणि घरातलं जिवंत माणूस काय जेवतं हे त्याला ठाऊक नाही! मी म्हटलं, "मग घरी जा आणि बघा. तोवर मी एक अक्षर टाईप करणार नाही."

काही दिवस ते फिरकले नाहीत. मग आले आणि सांगत गेले, मी लिहीत गेले. 'हिरा भाकरीचा पापुद्रा आधी काढून खाते. कालवण उरलं नसलं की मिरची आणि मीठ घेते. कालवण बहुतेक उरत नाही, कारण मी दोनदा वाढून घेतो. हे मला माहीत नव्हतं.'

त्या लेखाला एकही अंगठा आला नाही. कासारवाडीला राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा फोन मात्र आला, घरातलं चव्हाट्यावर मांडता, माझ्या ऑफिसातले बघतात, काढून टाका. तात्यांनी काढला नाही, आणि या लेखासाठी कुणाच्या दारीही गेले नाहीत. मी काकूंना तो वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "येवढं बघाया ह्यांना ब्लॉग काढाया लागला."

सगळे काकूंच्या काळजीत होते आणि गेले तात्या. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. सुतक फिटल्यावर काकू भिंती धरत, थांबत थांबत माझ्या दुकानात आल्या. मी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"त्यांचं लिव्ह," त्या म्हणाल्या.

"काय लिहू, काकू?"

"जन्मभर बोलले, त्यातलं कायबी घिऊ नको. अलीकडं मी जेवंस्तवर समोर बसायचे. कालवण मपल्याकडं सारायचे. तेवढं लिव्ह."

मी तेवढं लिहिलं आणि वाचून दाखवलं. काकूंनी मान हलवली.

"उशिरा," त्या म्हणाल्या. "ते बी घाल त्यात. मेल्यावर खोटं नको."