आंब्याआडचं खळं

सापगावात कुणाचं भात उफणायचं झालं की बोलावणं जायचं सकुबाईला. बाई मुरबाडकडची, वाऱ्याची नस बापाकडून शिकलेली. मूठभर फोल आधी गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडायची, मग डोक्यावरून. "खालचं वारं धसकटांत अडखळतं गो, वरचं मोकळं पळतं. तिवई उंच घ्या," म्हणायची. तिनं दाखवलेल्या जागी तिपायी तिवईवर चढून उफणलं की दाणा पायाशी पडायचा आणि फोल पार बांधापलीकडे जायचं.

तिच्या स्वतःच्या खळ्यावर मात्र पहिल्यापासून एक अडचण होती, ती म्हणजे नवरा. धर्मा तिला सूप भरून द्यायचा आणि नेमका वाऱ्याच्या तोंडाशी उभा राहायचा. "सरका की, वारं अडवताव!" ती तिवईवरून ओरडायची. तो दात काढून हसायचा, जागचा हलेल तर शपथ. एकतीस साली त्यानं त्याच जागी, पश्चिमेच्या बांधावर, आंब्याची कोय लावली. चार वर्षांनी तापानं गेला. काय दिवस होते ते! त्या ओरडण्यातही सुख होतं.

कोयीचं झाड झालं. शेहेचाळीसच्या पौषात सकुबाई तिवईवरून भात सोडी आणि फोल गरगर फिरून पुन्हा राशीवरच येई. तीन दुपारी अशाच गेल्या. "आज वारंच नाय," ती म्हणायची. शेजारच्या खळ्यावर फोल उडताना सगळ्यांना दिसत होतं. अख्ख्या गावाला वारा दाखवणारी बाई धडधडीत खोटं बोलत होती, कारण खरं बोलली असती तर आंबा गेला असता.

चौथ्या दिवशी तिचा मुलगा अनंता कुऱ्हाड घेऊनच आला. "आये, झाडाच्या आड वारं मरतं. तूच शिकवलंस ना?"

सकुबाईनं शेंड्याकडे पाहून झाडाची उंची डोळ्यांनी जोखली आणि मूठभर फोल घेऊन खोडापासून पावलं मोजत निघाली. तशी दहा झाडं आडवी मावतील एवढं चालली. खळं मागं पडलं, दोन खाचरं मागं पडली. तिथं तिनं मूठ उघडली. फोल सरळ उडालं.

"खळं हितं सारव," ती म्हणाली.

"एका झाडापायी अख्खं खळं हलवायचं?"

"तुझा बापूस जिता व्हता तवा कदी सरकला नाय," सकुबाईनं डोळ्यांना पदर लावला. "आता काय सरकतोय? आपुनच सरकू."