निळ्याखालचा डोळा

काल दार रंगवायला आलेल्याने टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि मला सत्तरच्या दशकातली भवानीपूरची ती खोली आठवली. कोलकात्यातल्या आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना मी एका वृद्ध अमूर्त चित्रकारांकडे नेलं होतं. कॅनव्हासभर नुसता निळा रंग. "मी थरावर थर देतो," म्हणत त्यांनी सुरीने कोपरा खरवडला. निळ्याखाली तांबडा निघाला, त्याखाली एका मुलीचा डोळा.

"ही कोण?" एका मुलाने विचारलं.

"माझी मुलगी. तुमच्याएवढी असतानाच गेली. तिचा फोटो नाही, हे एवढंच आहे."

"अजून दाखवा ना!" मुलं ओरडली. मीही हौसेने म्हटलं, "दाखवा ना, दादा."

त्यांना नाही म्हणवलं नाही. सुरी फिरली, पापुद्रा सुटला आणि त्याच्याबरोबर तो डोळाही निघून गेला. मुलांना ती जादूच वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.