हिरवा पळस

फाल्गुन सरत आला होता, ऊन चटके देऊ लागलं होतं, आणि ललिताबाई ओट्यावर लोकर घेऊन बसल्या होत्या. दुर्गजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीमागच्या गल्लीला बोलायला एवढं पुरे. शेजारच्या शकुबाईंनी दोन दिवस कसाबसा धीर धरला. तिसऱ्या दिवशी विचारलंच, "उन्हाळ्यात स्वेटर कोणाले वं?"

"स्वेटर नाही. पळसाची फुलं करून राहिली. खांबाले बांधाची हायेत."

शकुबाई गप्प झाल्या. शकुबाई गप्प झाल्या म्हणजे काय ते समजून घ्या.

ललिताबाईंचे मालक टिकारामभाऊ रेल्वेत शंटर होते. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं इंजिन चालवायचं, लाल दिसलं की थांबायचं, हिरवं मिळालं की निघायचं, यातच सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावरही सकाळचा चहा झाला की स्वारी यार्डाच्या भिंतीपाशी इंजिनं बघायला निघायची. पण अलीकडे त्यांच्या डोक्यातलं एकेक पुसत चाललं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग घराची वाट गेली. एकदा तर थेट दुर्गच्या लोकलमध्ये जाऊन बसले. नशीब, डब्यात ओळखीचा माणूस निघाला आणि त्यानं परत आणून सोडलं.

कोहक्याहून लेक आम्रपाली धावत आली. नर्स ती, बोलणं रोखठोक. "आई, फाटकाले ताला लाव. बाबा हरवले तर कुठं शोधशील?" ताला ती विकत घेऊनच आली होती.

पोरीचं काही चुकत नव्हतं. पण ललिताबाईंचं मन धजेना. दिवसभरात त्या माणसाचा चेहरा उजळायचा तो यार्डाकडे निघतानाच. सारा जन्म चाकांवर काढलेल्या माणसाला आता फाटकाआड कोंडायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत थांब. मंग तुह्या मनासारखं."

पळस सुचला तो असा. उरलेल्या लाल लोकरीचा गुंडा टिकारामभाऊंनी हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "पळस फुलला का वं?" दोघंही देवरीकडच्या जंगलकाठच्या गावची. लेकीचं नाव गेलं, पण पळस राहिला होता. गावाकडे तर पळसाच्या झाडांवरूनच वाट ओळखायची. ललिताबाईंनी लगेच सुया काढल्या. चोचीसारख्या वाकड्या पाकळ्या, खाली काळा देठ. प्रत्येक वळणावर एक फूल बांधलं: भैयालालच्या किराणा दुकानापाशी खांबाला, हँडपंपाला, बुद्धविहाराच्या कुंपणाला, असं पार यार्डाच्या भिंतीपर्यंत. नवऱ्याला सांगितलं, "अवो, जिथं पळस दिसन, तो आपला रस्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ निघाले. दुपार झाली तरी पत्ता नाही. ललिताबाई पायात चपला न घालताच धावल्या आणि पहिल्याच वळणावर थबकल्या. खांबावरच्या लाल फुलासमोर टिकारामभाऊ भर उन्हात ताठ उभे होते.

भैयालाल दुकानातून उतरून आला. "सुबह से खड़े हैं, चाची. पानी दिया तो पी लिया, पर हिलते नहीं. बीच-बीच में मुँह से सीटी मारते हैं."

"अवो, इथं कावून उभे?"

"लाल हाय नं," भाऊ म्हणाले. "हिरवं भेटल्याशिवाय गाडी कशी काढू?"

ललिताबाईंना त्या शिट्टीचा अर्थ आठवला. सिग्नलला गाडी अडली की ड्रायव्हर शिट्टी देतो, मी इथं उभा आहे, कोणीतरी बघा म्हणून. हे नव्या संसारात भाऊंनीच तर त्यांना सांगितलं होतं. आणि ललिताबाईंनी आपल्याच हातानं लाल बांधून त्या माणसाला उन्हात उभं केलं. भाऊंना हात धरून घरी आणेपर्यंत त्या रडत होत्या, आणि मधेच हसतही होत्या.

मग सगळी फुलं सोडून आणली, दुकानातून हिरवी लोकर आणली आणि पुन्हा टाके घातले. शकुबाईंना राहवलं नाही. "हिरवा पळस कुठं असते का, बाई?"

"आमच्या घरी असते," ललिताबाई म्हणाल्या.

रविवारी भाऊ पुढे आणि मायलेकी जरा अंतर ठेवून मागे. हिरवं फूल दिसलं की भाऊ मान हलवायचे आणि चालू लागायचे. यार्डाशी पोचले, पोटभर इंजिनं पाहिली, वळले. हँडपंप बरोबर, खांब बरोबर. ललिताबाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच भाऊ स्वतःच्या फाटकासमोरून सरळ पुढे निघून गेले, मोठ्या सडकेकडे. आम्रपालीनं धावत जाऊन हात धरला. अंगणात आल्यावर तिनं पर्समधून ताला काढला.

"थांब," ललिताबाई म्हणाल्या. "सारीकडं हिरवंच हाय. थांबा म्हणून सांगतलंच कोणी त्याहीले?" जुन्यातलं एक लाल फूल डब्यात पडलं होतं. ते त्यांनी फाटकाला बाहेरच्या अंगानं बांधलं. "उद्याचा एक दिवस दे."

सकाळी भाऊ यार्डाकडे निघाले आणि आम्रपाली ताला हातात घेऊन अंगणातच बसली. ललिताबाई चुलीपाशी होत्या, पण कान फाटकाकडे. उन्हं ओट्यावर चढली आणि बाहेरून शिट्टी आली. लांब, एकसारखी, तोंडानं मारलेली.

फाटकापलीकडे लाल पळसासमोर टिकारामभाऊ उभे होते. बायकोचं नाव काही त्यांना आठवत नव्हतं. पण शिट्टी दिली की कोणीतरी येतं, हे आठवत होतं.

ललिताबाईंनी पदराला हात पुसत फाटक उघडलं.

"हिरवं भेटलं?" भाऊंनी विचारलं.

"भेटलं. या आता घरात."

आम्रपालीनं ताला पर्समध्ये टाकला आणि बापासाठी चहा टाकायला आत गेली.